टुंड्रा तापतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टुंड्राबद्दल, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या झाडं नसलेल्या थंड पट्ट्याबद्दल, एखादी बातमी आली की आमच्याकडे प्रश्नांची रांग लागते, आणि त्यांतले बरेच प्रश्न दर वेळी तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे, पुढचे जरा अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा उगाळलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचताना एक गोष्ट वारंवार डोकावेल: उन्हाळा किती तापला यापेक्षा हिवाळ्यात आभाळातून काय पडलं, हिम की पाऊस, आणि ते कधी वितळलं, यावर तिथलं बरंच काही ठरतं.

१. टुंड्रा म्हणजे बर्फाचं वाळवंटच ना? तिथे उगवतं तरी काय?

वर्षाचे आठ-नऊ महिने जमीन हिमाखाली असते, हे खरं. पण उरलेल्या तीन-चार महिन्यांत तिथे जी लगबग चालते ती पाहिली तर कोणी वाळवंट म्हणणार नाही. सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमानही १० अंश सेल्सिअसच्या खाली राहतं, म्हणून मोठी झाडं तग धरत नाहीत. बहुतेक भागात वर्षभराचा पाऊस आणि हिम मिळून २५० मिलिमीटरही भरत नाही. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो. तरी उन्हाळ्यात पाय टाकाल तिथे चिखल. कारण खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन असते आणि पाणी मुरायला जागाच नसते. वरचा हात-दोन हात थर तेवढा उन्हाळ्यात सुटा होतो, आणि सगळी मुळं त्यातच.

या थरावर घोट्याएवढे विलो उगवतात (आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचे भाऊबंद), गुडघ्याएवढे बर्च, कापसाचे बोंड लावल्यासारखं दिसणारं कॉटनग्रास, पांढऱ्या फुलांचा ड्रायस, मॉसच्या गाद्या आणि लायकेन. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. टुंड्रातलं राखाडी-पांढरं लायकेन हा रेनडिअरचा हिवाळ्यातला मुख्य आहार आहे, आणि ते अतिशय सावकाश वाढतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२. तिथे तापमान नेमकं किती वाढलंय?

१९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. मोठं कारण समुद्रावरचं बर्फ. पांढरं बर्फ ऊन परतवून लावतं. ते वितळलं की खालचं काळंभोर पाणी तेच ऊन पिऊन घेतं आणि शरद ऋतूत ती ऊब हवेत सोडतं. त्यामुळे ही तापमानवाढ उन्हाळ्यापेक्षा शरदात आणि हिवाळ्यात जास्त दिसते. बातम्यांमध्ये उन्हाळ्यातले उच्चांक येतात, डिसेंबरमधला पाऊस येत नाही. प्राण्यांच्या दृष्टीने दुसरी बातमी जास्त महत्त्वाची (प्रश्न ८).

३. ‘टुंड्रा हिरवा होतोय’ म्हणजे काय? खरंच हिरवा दिसतो का?

उपग्रहांना दिसतो. लँडसॅट उपग्रहांच्या १९८५ ते २०१६ या काळातल्या चित्रांची तुलना केली तेव्हा तपासलेल्या ठिकाणांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या जास्त जागा अधिक हिरव्या झालेल्या आढळल्या, सुमारे पाच टक्के जागांची हिरवाई घटली, आणि बाकीच्यांत ठाम असा बदल नव्हता. म्हणजे ‘सगळा टुंड्रा हिरवा झाला’ हे मथळ्यापुरतं ठीक.

जमिनीवर उतरून पाहिलं तर या हिरवाईत दोन गोष्टी दिसतात. एक, झाडोरा उंच होतोय. ११७ ठिकाणच्या सुमारे तीन दशकांच्या मोजणीत वनस्पतींची सरासरी उंची वाढलेली आढळली. उंच जाती आत शिरत आहेत आणि आधीच्या जातीही ताणून वाढत आहेत. दुसरं, झुडपं पसरत आहेत, विशेषतः विलो, बर्च आणि आल्डर, तेही ओल असलेल्या उतारांवर आणि नदीकाठी. कोरड्या, वाऱ्याने झोडपलेल्या माळावर तीच ऊब मिळूनही फारसं काही हलत नाही.

जातींची संख्या वाढली की घटली, असंही विचारतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५ ठिकाणच्या अभ्यासात, जमिनीवर आखलेल्या दोन हजारांहून अधिक चौकटींच्या नोंदी पाहून, एकूण संख्येत ठरावीक दिशेचा बदल आढळला नाही. काही चौकटींत जाती वाढल्या, काहींत गेल्या. जिथे झुडपं माजली तिथे गळती जास्त.

४. सत्तर वर्षांपूर्वी तिथे किती झुडपं होती हे आज कसं कळतं?

तेलामुळे. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी नौदलाने उत्तर अलास्कात तेल शोधताना विमानातून तिरक्या कोनातले हजारो फोटो काढले. ते इतके स्पष्ट होते की एकेक झुडूप मोजता येतं. १९९९-२००० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच जागा, तोच कोन साधून पुन्हा फोटो घेतले. निम्म्याहून अधिक जोड्यांमध्ये झुडपं उघड उघड वाढलेली होती. एकाही जोडीत ठळक घट नव्हती.

दुसरा पुरावा झुडपांच्या पोटात असतो. बोटभर जाडीचा विलो पन्नास वर्षांचाही असू शकतो. त्याच्या खोडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की वर्षावर्षाची वर्तुळं दिसतात, काही इतकी बारीक की दोन रेषा एकच वाटाव्यात. उन्हाळा उबदार होता त्या वर्षीचं वर्तुळ रुंद.

तिसरी पद्धत प्रयोगाची. १९९० मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात वर उघडी असलेली, पारदर्शक पत्र्यांची षटकोनी कुंपणं जमिनीवर ठेवतात. उंची गुडघ्याएवढी, भिंती आत कललेल्या. वीज नाही, हीटर नाही. वारा अडतो, ऊन कोंडतं आणि आतली हवा एक ते तीन अंशांनी उबदार होते. अलास्कातल्या टूलिक तळ्यापासून कॅनडातल्या एल्समीर बेटापर्यंत आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपर्यंत हीच साधी चीज वापरतात, त्यामुळे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. तिची उणीव उघड आहे: ती उन्हाळा तापवते, हिवाळा नाही. म्हणून काही ठिकाणी लांब कुंपणं उभारून मुद्दाम हिमाचे ढीग साचवतात आणि खालच्या जमिनीचं काय होतं ते पाहतात.

५. पण हिरवळ वाढली तर बिघडलं कुठे? कार्बनही शोषला जाईल ना?

हा आम्हाला सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि त्यात आशा असते म्हणून उत्तर देताना जरा जिवावर येतं.

उंच झुडूप हिमाच्या वर डोकं काढतं. आधी जिथे एप्रिल-मेमध्ये अखंड पांढरी चादर असायची तिथे काळ्या फांद्या दिसतात, त्या ऊन शोषतात आणि आसपासचं हिम लवकर वितळवतात. हे झालं वसंतातलं. हिवाळ्यात तीच झुडपं वाऱ्याने उडणारं हिम अडवून ठेवतात. जाड हिमाखालची जमीन उघड्या जमिनीपेक्षा उबदार राहते, मातीतले सूक्ष्मजीव भर हिवाळ्यातही थोडं थोडं काम करत राहतात, नायट्रोजन मोकळा होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात झुडपांनाच खत मिळतं. उन्हाळ्यात मात्र दाट सावलीने जमीन थोडी गारही राहते. म्हणजे झुडपं पर्माफ्रॉस्टला वितळवतात की वाचवतात, याचं उत्तर ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतं. बेरीज बहुतेक ठिकाणी उबेच्याच बाजूला झुकते.

मग लायकेनचा प्रश्न. ते जेमतेम बोट-दोन बोटं उंच. झुडपांची सावली आणि पडलेला पाला त्यांना गुदमरवतो. एकदा गेलेला लायकेनचा गालिचा परत यायला काही दशकं लागतात. उपग्रहाला मात्र लायकेन जाऊन बर्च आला की ‘हिरवाई वाढली’ असंच दिसतं. रेनडिअरला उन्हाळ्यात विलोची पानं आवडतात, तेवढा त्याचा फायदा. हिवाळ्यात त्या काटक्यांवर त्याचं भागत नाही.

कार्बनचा हिशेब वेगळा आणि मोठा आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

६. म्हणजे काही वर्षांनी तिथे जंगल उभं राहणार का?

इतक्यात नाही. जगभरच्या १६६ वृक्षरेषांचा (जिथे मोठी झाडं संपतात त्या सीमांचा) आढावा घेतला तेव्हा जेमतेम निम्म्या पुढे सरकलेल्या आढळल्या. ऊब आली म्हणून झाड येत नाही: बी तिथवर पोचायला हवं, रुजायला उघडी माती हवी, कोवळं रोप वाऱ्यातून आणि सशाच्या, मूस या मोठ्या हरणाच्या तोंडातून वाचायला हवं. झुडपांना ही घाई परवडते कारण ती आधीपासून तिथेच होती, फक्त खुरटलेली.

७. काही बातम्यांत ‘टुंड्रा तपकिरी होतोय’ असंही येतं. दोन्ही खरं कसं?

जागा वेगळ्या, कधी वर्षं वेगळी. भर हिवाळ्यात चार दिवस ऊब आली की हिम वितळतं, झुडपांच्या कळ्या जाग्या होतात, आणि पाठोपाठ उणे वीस अंशांची थंडी पडली की उघडी पडलेली झुडपं करपतात. पुढच्या उन्हाळ्यात तो उतार तांबूस दिसतो. उत्तर नॉर्वेत पतंगांच्या अळ्या बर्चची पानं फस्त करतात. पूर्वी कडाक्याच्या थंडीत मरणारी त्यांची अंडी आता जास्त प्रमाणात जगतात.

आणि वणवे. २००७ मध्ये अलास्काच्या नॉर्थ स्लोपवर अॅनाक्टुवुक नदीकाठी वीज पडून लागलेली आग जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत धुमसत राहिली आणि हजार चौरस किलोमीटरहून अधिक टुंड्रा जळाला. गवताबरोबर खालची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती जळाली. सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. आता त्या जागेवर पुन्हा हिरवळ आहे, पण खालचा पर्माफ्रॉस्ट खचून जमीन खड्ड्याखड्ड्यांची झाली आहे. उपग्रहाच्या हिशेबात तीही ‘हिरवी’.

८. हिवाळ्यात थंडी कमी झाली तर प्राण्यांना बरंच नाही का?

हिवाळ्यात त्यांचा शत्रू थंडी नसते. रेनडिअर उणे चाळीस अंशांतही आरामात बसतो. त्याला हवं असतं भुसभुशीत हिम, जे पुढच्या खुराने उकरता येतं. वासाने तो खालचं लायकेन हेरतो, खड्डा करतो, मुंडी आत घालून खातो. वर हिम कितीही असो, सुटं असलं की झालं.

घोळ होतो पावसाने. डिसेंबरात पाऊस पडला की पाणी हिमातून झिरपत जमिनीपर्यंत जातं आणि थंडी परतली की तिथेच गोठतं. लायकेन आणि गवत काचेत चिणल्यासारखं बंद. खूर घसरतो. जनावर खड्ड्यामागून खड्डे उकरतं, हाती काही लागत नाही, अंगातली चरबी मात्र जळते.

२००३च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या बँक्स बेटावर असा पाऊस झाला आणि सुमारे २० हजार मस्कऑक्स (लांब केसांचे, गव्यासारखे दिसणारे प्राणी) मेले. रशियात यामाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये पावसानंतर पडलेला बर्फाचा थर वसंतापर्यंत हटला नाही; नेनेत्स पशुपालकांचे सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने गेले. ज्यांचा सगळा कळप गेला त्या कुटुंबांची भटकंतीच थांबली, कारण तंबू, चामडी, स्लेज ओढायचे रेनडिअर, सगळंच त्या कळपातून येतं. काहींना मासेमारीवर दिवस काढावे लागले. त्या शरदात बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवर बर्फ कमी होतं आणि उघड्या पाण्यावरून दमट हवा आत आली, असा संबंध अभ्यासकांनी लावला आहे.

स्वीडन-नॉर्वेतले सामी पशुपालक अशा हिवाळ्यात विकतचा पेंडीसारखा खुराक घालतात. त्याने जनावर जगतं, पण पैसा जातो आणि जनावरं दाटीने एकत्र आल्याने रोगराईची भीती वाढते.

९. पण स्वालबार्डचे रेनडिअर वाढलेत असं वाचलं. मग प्रश्न ८ चं उत्तर चुकीचं का?

दोन्ही खरं आहे, आणि टुंड्राच्या बाबतीत सरसकट बोलू नये याचा हा चांगला नमुना. स्वालबार्डच्या एका अभ्यासक्षेत्रात १९९४ ते २०१० या काळात रेनडिअरची संख्या सुमारे ८०० वरून १४०० वर गेली. त्याच काळात मोठ्या माद्यांचं हिवाळ्याअखेरचं वजन सरासरी ५५ किलोवरून ४८ किलोवर आलं. उन्हाळा लांबला, चारा वाढला, माद्या शरदात धष्टपुष्ट होऊन जास्त गाभण राहू लागल्या. पण हिवाळ्यात वाढलेली तोंडं आणि बर्फाने झाकलेला चारा, यांत गर्भातल्या पाडसाची वाढ खुंटते आणि ते आयुष्यभर लहानखुरंच राहतं.

३० जानेवारी २०१२ रोजी स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंद गावात एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस पडला. ध्रुवरात्रीत, सूर्य उगवतही नसताना. अशा हिवाळ्यांत तिथले काही रेनडिअर किनाऱ्यावर उतरून समुद्रशेवाळ खातात. त्यांच्या लेंड्यांच्या तपासणीतून ते कळलं. त्यावर पोट भरतं असं नाही, वेळ निभावते.

याच बेटांवरच्या आर्क्टिक खोकडांना मात्र वाईट हिवाळा लाभतो: मेलेले रेनडिअर आयते मिळतात. पुढच्या वर्षी कमकुवत जनावरं आधीच गेलेली असतात, मढी मिळत नाहीत, आणि मग खोकडांची पिल्लं घटतात. फटका बसतो, पण वर्षभर उशिराने.

१०. उत्तर अमेरिकेतल्या कॅरिबूंचे कळप कशामुळे कमी झाले? तापमानवाढच ना?

ती एक कारण आहे, एकमेव नाही. (कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतले रेनडिअरच.) स्थलांतर करणाऱ्या टुंड्रा कळपांची एकूण संख्या दोन दशकांत सुमारे ४७ लाखांवरून २१ लाखांवर आली, असं २०१८ मध्ये मांडलं गेलं. कॅनडाचा बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजारांचा होता, २०२१ मध्ये सहा हजारांच्या आसपास उरला. क्वेबेक-लॅब्राडोरचा जॉर्ज रिव्हर कळप १९९३ च्या सुमारास आठ लाखांच्या घरात होता, २०१८ मध्ये साडेपाच हजार. त्याच वेळी अलास्का-युकॉन सीमेवरचा पॉर्क्युपाइन कळप २०१७ मध्ये २ लाख १८ हजारांवर, त्याच्या आजवरच्या सर्वोच्च नोंदीवर होता. ऊब तर त्यालाही चुकली नव्हती.

कॅरिबूंची संख्या मुळातच काही दशकांच्या लाटेत वर-खाली होते. संख्या फुगली की चराई उजाड होते आणि घसरण सुरू होते. बाथर्स्टच्या वाटेत हिऱ्यांच्या खाणी आणि त्यांचे रस्ते आले. शिकार आहे, लांडगे आहेत. ऊब यात भर घालते: उन्हाळ्यात माश्या आणि डास (प्रश्न १३), हिवाळ्यात बर्फाचा थर. आमचं मत विचाराल तर लाटेतली घसरण नैसर्गिक असू शकते, पण घसरलेला कळप पुन्हा वर यायला जी मोकळी जमीन आणि शांत वर्षं लागतात ती आता कमी उरली आहेत.

११. लेमिंग खरंच कड्यावरून उड्या मारून जीव देतात का?

नाही. १९५८ च्या एका माहितीपटात ते दृश्य माणसांनी घडवून आणलं होतं, आणि तेव्हापासून ही गोष्ट कोणाच्या डोक्यातून जात नाही. लेमिंग या उंदरासारख्या छोट्या प्राण्याची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात प्रचंड वाढते आणि कोसळते. गर्दीच्या वर्षी ती दूरवर पांगतात, त्यांत काही बुडतात, एवढंच.

खरी गोष्ट अधिक चिंतेची. लेमिंग हिवाळ्यात झोपत नाहीत. जमीन आणि हिम यांच्यामधल्या पोकळीत बोगदे करून राहतात, गवताची घरटी बांधतात आणि तिथेच पिल्लं घालतात. हिम उशिरा पडलं, मध्येच वितळलं किंवा तळाशी बर्फ गोठलं की ही पोकळीच उरत नाही. दक्षिण नॉर्वेत १९९४ नंतर गर्दीची वर्षं बराच काळ आलीच नाहीत. ईशान्य ग्रीनलंडमध्ये झॅकेनबर्गला २००० च्या सुमारास हा फेरा मोडला, आणि लेमिंगवर जगणाऱ्या हिमघुबडांची पिल्लं जवळपास थांबली. स्कँडिनेव्हियात २०११ मध्ये लेमिंगचं मोठं वर्ष आलं, तेव्हा सगळीकडे फेरा कायमचा संपला असं म्हणता येत नाही.

१२. दक्षिणेकडचे प्राणी टुंड्रात शिरत आहेत म्हणतात. कोणते?

लाल खोकड, मूस, स्नोशू ससा आणि बीव्हर ही ठळक नावं. अलास्काच्या नॉर्थ स्लोपवर नदीकाठचे विलो माणसाच्या उंचीचे झाले आणि हिमाच्या वर राहू लागले, तेव्हा मूसला हिवाळ्यात खायला मिळू लागलं.

बीव्हरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पश्चिम अलास्काच्या टुंड्रात १९५० च्या आसपासच्या हवाई फोटोंमध्ये त्याचं एकही तळं दिसत नाही; अलीकडच्या उपग्रहचित्रांत ११ हजारांहून अधिक मोजली गेली. बीव्हर ओढा अडवतो, तळं साचतं, तळ्याचा तळ हिवाळ्यातही गोठत नाही आणि काठाखालचा पर्माफ्रॉस्ट वितळू लागतो. एवढ्याशा जनावराने आख्ख्या ओढ्याचा स्वभाव बदलून टाकला. केसाळ कातडीसाठी होणारी त्याची शिकार कमी झाली, हेही त्याच्या प्रसाराचं कारण असावं. सगळं श्रेय उबेला देऊ नये.

लाल खोकड आर्क्टिक खोकडापेक्षा बराच वजनदार, त्याच्या गुहा बळकावतो, प्रसंगी त्याला मारतो. पण स्कँडिनेव्हियातले आर्क्टिक खोकड मुळात फरच्या शिकारीने संपत आले होते. स्वीडनने १९२८ मध्ये आणि नॉर्वेने १९३० मध्ये संरक्षण दिलं तरी संख्या सावरली नाही. आता नॉर्वेत पिंजऱ्यात पैदास करून पिल्लं सोडतात आणि डोंगरात कुत्र्यांच्या खाद्याची पेटी ठेवतात. पेटीचं तोंड इतकं अरुंद की लाल खोकड आत शिरू शकत नाही.

१३. डास आणि रोग वाढतात का?

ग्रीनलंडमध्ये कांगर्लुसुआकच्या तळ्यांत असं दिसलं की पाणी उबदार झालं की डासांच्या अळ्या लवकर मोठ्या होतात आणि शिकारी किड्यांच्या तोंडातून जास्त वाचतात. डासांनी हैराण झालेले कॅरिबू चरणं सोडून वाऱ्याच्या टेकडीवर किंवा उरल्यासुरल्या हिमाच्या पट्ट्यावर जाऊन उभे राहतात. ऐन चरायच्या महिन्यात हा वेळ वाया जातो.

कॅनडात मस्कऑक्सच्या फुफ्फुसातल्या एका कृमीला वाढीसाठी पूर्वी दोन उन्हाळे लागायचे, आता एकात भागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात यामालवर ३५ अंशांपर्यंत पारा गेला, जुनी गोठलेली माती सुटली, तिच्यात दडलेले जंतू मोकळे झाले आणि अँथ्रॅक्सची साथ आली. दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगाही. तिथली रेनडिअरची लसटोचणी २००७ मध्ये बंद केली होती, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

१४. टुंड्रा कार्बन शोषतो की सोडतो?

पर्माफ्रॉस्टच्या जमिनींत मिळून सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, वातावरणात आहे त्याच्या साधारण दुप्पट. उन्हाळ्यात वाढलेली झुडपं काही शोषतात. पण शरदात पानं गळल्यावरही माती उबदार राहते आणि सूक्ष्मजीव कार्बन सोडत राहतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालानुसार, वणव्यांतला धूर धरला तर टुंड्रा प्रदेश आता शोषण्यापेक्षा जास्त कार्बन सोडतो.

१५. मग जास्त जनावरं सोडून झुडपं रोखता येतील का?

थोड्या भागात, हो. कांगर्लुसुआकलाच कुंपण घालून कॅरिबू आणि मस्कऑक्स बाहेर ठेवले तेव्हा उबेने आतले बर्च-विलो भराभर वाढले. जिथे जनावरं चरत होती तिथे तीच ऊब देऊनही वाढ दबून राहिली. सैबेरियात चेर्स्कीजवळ सर्गेई झिमोव यांनी १९९६ पासून घोडे, बायसन वगैरे सोडून हाच विचार हिवाळ्यासाठी लावून पाहिला आहे: खुरांनी हिम तुडवलं की थंडी जमिनीत खोल जाते. कल्पना चांगली आहे. टुंड्राचा पसारा पाहता तेवढी जनावरं कुठून आणायची, आणि प्रश्न ८ मधला पाऊस पडला तर ती जगवायची कशी, हे कोणी सांगत नाही.

१६. ध्रुवीय अस्वलं जमिनीवर राहून अंडी, बेरी खाऊन जगतील ना?

हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून उन्हाळ्यात पाहणी झाली. काहींनी बेरी, पक्षी, हाडं खाल्ली, काही नुसती पडून राहिली. वीसपैकी १९ अस्वलांचं वजन घटलं. सीलच्या चरबीची जागा बेरी घेत नाहीत.

१७. पक्ष्यांचं वेळापत्रक बिघडलंय म्हणतात, ते काय?

सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात रेड नॉट पक्षी पिल्लं घालतात. तिथलं हिम तीन दशकांत दोन आठवड्यांहून अधिक लवकर वितळू लागलं. किड्यांचा भर आधी येऊन जातो, पिल्लं नंतर बाहेर पडतात, अर्धपोटी वाढतात आणि आखूड चोचीची राहतात. त्याची किंमत ती हजारो किलोमीटर दूर, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर चुकवतात: तिथल्या शिंपल्या चिखलात खोल असतात, आखूड चोच पोचत नाही.

‘लवकर वितळणं म्हणजे संकट’ एवढंच मनात धरू नका. २०१८ मध्ये झॅकेनबर्गला उलट झालं: हिम इतकं पडलं आणि इतक्या उशिरापर्यंत राहिलं की त्या उन्हाळ्यात बहुतेक वनस्पती आणि प्राण्यांचं प्रजनन फसलं. उबदार हवेत बाष्प जास्त मावतं, तेव्हा अशी वर्षंही याच बदलाचा भाग असू शकतात.

१८. याचा आपल्याशी काय संबंध?

कागदोपत्री संबंध गोव्यातून जातो. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून न्यू-ऑलेसुंदचं ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र चालतं. ते २००८ मध्ये सुरू झालं, आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही माणसं पाठवायला सुरुवात झाली. प्रश्न ९ मधला जानेवारीचा पाऊस याच गावातला.

हिमालयातले बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, टुंड्राच का, असंही विचारतात. दिसायला सारखे, पण तिथे महिनोन्महिने चालणारा दिवस नाही, ऊन प्रखर आहे, आणि बहुतेक बुग्यालांखाली सलग पर्माफ्रॉस्ट नाही. इथली उत्तरं तिथे जशीच्या तशी लावू नका.

जिवंत संबंध मात्र ठाणे खाडीत दिसतो. हिवाळ्यात ऐरोली-भांडुपच्या चिखलात टिपत फिरणारे लिटल स्टिंट आणि कर्ल्यू सँडपायपर टुंड्रात जन्मलेले असतात. लिटल स्टिंट तर चिमणीएवढाच.

१९. खाडीवर पायात रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर काय करायचं?

पकडू नका, पाठलाग करू नका. ओहोटीत चरू द्या. पट्टीचा रंग, ती कोणत्या पायावर आहे, गुडघ्याच्या वर की खाली, एकाहून अधिक असल्यास क्रम, आणि अक्षरं वाचता आली तर तीही टिपून ठेवा. फोटो धूसर आला तरी ठेवा, रंग कळतो. तारीख, वेळ, जागा लिहून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पट्टी कोणत्या देशात चढवली हे त्यांना रंगांच्या जोडीवरून ओळखता येतं. डावा पाय तुमचा डावा की पक्ष्याचा, हे मात्र नक्की लिहा. निम्म्या नोंदी तिथेच अडकतात.